झुबकेदार हुजुरांची बडदास्त

तहसिलीचा जिल्हा झाला म्हणजे तिच्या अंगी कोणकोणते पालट घडून येतात, याची समग्र यादी राजपत्रात कधीच छापली जात नाही. तेथे हद्दी तेवढ्या नमूद होतात आणि उरलेले सर्व प्रजेच्या उत्साहावर सोपविले जाते. छिंदवाड्यापासून पांढुर्णा व सौंसर हे मुलूख विलग करून ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला, त्यासरशी कलेक्टर आले, पोलीस अधीक्षक आले, कचेऱ्यांवरच्या पाट्या पालटल्या, दप्तरांचे गठ्ठे हलले. आणि या राजमान्य मिरवणुकीच्या पाठोपाठ, कोणत्याही अधिसूचनेवाचून व कोणत्याही लोकसेवा परीक्षेवाचून, संत्र्याच्या बागाइतदारांच्या आणि कापसाच्या अडत्यांच्या बंगल्यांत एक पांढरेशुभ्र, झुबकेदार शेपटीचे, चार पायांचे हुजूर रुजू झाले.

पूर्वी आमच्या प्रांती कुत्रा पाळीत नसत, तो असे. आळीच्या तोंडाशी राखेच्या ढिगावर दिवसभर निजणारा, शिळ्या भाकरीच्या दरमाहावर रात्रीची गस्त घालणारा आणि परगावचा माणूस दिसताच यथानियम फिर्याद नोंदविणारा गावठी कुत्रा हा वस्तुतः बिनपगारी कोटवारच होता. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी केवळ कोटवाराच्या भरवशावर राहणे प्रतिष्ठित कुटुंबांस अप्रशस्त वाटू लागले, आणि पहिल्या वर्गाच्या अधिकाऱ्याची जागा भरण्याचे घरोघर ठरले. त्यातही सौंसरकरांचा उत्साह काकणभर अधिक, कारण मुख्यालय पांढुर्ण्यास गेल्यावर निदान हुजूर तरी आपल्याकडे वरच्या दर्जाचे असावेत, ही ईर्षा मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

नेमणूक अर्थातच नागपुरात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आमचा मुजरा नागपूरकडून भोपाळकडे वळविला, पण बाजार, दवाखाना आणि सोयरीक या तीन खात्यांनी तो हुकूम अद्यापि मानलेला नाही. विक्रेत्याच्या खोलीत बसल्यावर ‘टॉय पॉम’, ‘कल्चर पॉम’, ‘टी-कप’, ‘डबल कोट’, ‘हेवी बोन’ असे शब्द कानांवर पडू लागतात, आणि ज्या गृहस्थाने बैलाचे दात, खूर, वशिंड व चाल तपासल्यावाचून आयुष्यात कधी दावे हाती धरले नाही, तो येथे केवळ रंग पाहून बयाणा देतो. पिलाची आई कोठे आहे, लसी कोणत्या झाल्या, केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला आहे की नाही, यांपैकी एकही प्रश्न त्याच्या मुखातून निघत नाही. निघतो तो एवढाच, की हा मोठेपणी असाच राहील ना. आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकू नये, असा केंद्र सरकारचा २०१७ चा स्पष्ट नियम असताना, नुकतेच डोळे उघडलेला एक जीव तळहातावर ठेवून विक्रेता म्हणतो, “दोन महिने पूर्ण आहेत भाऊ, तब्येतीनं बारीक आहे फक्त.” आणि भाऊ मान डोलावतात.

मग काळ आपले काम करतो. अस्सल पॉमेरियन पूर्ण वाढला तरी दोन-तीन किलोंच्या पलीकडे सहसा जात नाही; बंगल्यातले हुजूर मात्र वर्षभरात सात-आठ किलोंवर जाऊन सोफ्याचा निम्मा भाग व्यापतात. यावर कुटुंबप्रमुखाचा खुलासा ठरलेला असतो, की आमच्याकडचे पाणी त्यास मानवले. खरी गोष्ट अशी, की हा प्राणी पॉमेरियन नसून इंग्रजी अमदानीत आलेल्या स्पिट्झ कुळाचा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने इकडच्या उन्हास सरावलेला ‘इंडियन स्पिट्झ’ आहे. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटात धाकट्या भावासाठी दिलेला खलिता थोरल्या भावाच्या हाती पोचवून लग्न मार्गी लावणारा टफी याच बिरादरीचा. चुकीच्या पत्त्यावर टपाल दिल्याबद्दल इतकी लोकप्रियता दुसऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्यास लाभल्याचे ऐकिवात नाही.

वंशावळीचा एवढा सोस कोठून आला, हेही पाहण्याजोगे आहे. बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया प्रांताचे नाव लावणारे हे कुत्रे एके काळी चांगले थोराड असत. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सच्या मुक्कामातून मार्को नावाचा एक लहानसा पॉमेरियन विलायतेस नेला, आणि तेव्हापासून लहान तो कुलीन असा दंडक पडला. जिच्या सम्राज्ञीपदाच्या गौरवार्थ जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तीच ही राणी. मिल बंद पडून जमाना लोटला, कापसाचे भाव दर हंगामास रडवतात. राणीच्या कारकिर्दीतून या मुलुखाकडे चालत आलेली आवड तेवढी बिनव्याजी वाढते आहे.

आमचे मत विचाराल तर स्पिट्झ हाच येथल्या जागेस लायक उमेदवार होय. तो चपळ आहे, सावध आहे, आणि भुंकण्याच्या बाबतीत तर कामाच्या वेळेबाहेरही तत्पर आहे. पण शेजाऱ्याकडे स्पिट्झ आहे हे कळल्यावर आपल्याकडे शिह-त्झू हवा, असा आता नवा ओघ सुरू झाला आहे. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. तो जीभ काढून, धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर घालवितो, आणि ज्याचे नाकच विधात्याने व प्रजननकर्त्यांनी मिळून चेहऱ्यात दाबून बसविले आहे, त्यास ते कार्य वैशाखातल्या ४५ अंशांच्या दुपारी, सिमेंटच्या स्लॅबखाली, किती कठीण जात असेल याचा विचार बयाण्याच्या वेळी होत नाही. तो मेमध्ये होतो. तेव्हा आजोबांच्या खाटेपुढचा कूलर सन्मानपूर्वक हुजुरांच्या दालनात हलविला जातो आणि आजोबांस पडवीतल्या नैसर्गिक वाऱ्याचे माहात्म्य समजावून सांगण्यात येते.

याच सुमारास एखादा हितचिंतक हुजुरांचे मुंडन सुचवितो. न्हाव्यास पाचारण होते, मशीन फिरते, आणि जो दुहेरी केशसंभार उन्हाची तिरीप कातडीपर्यंत पोचू देत नव्हता, तोच उतरवून ठेवला जातो. पुढे तो पूर्ववत येईलच अशी हमी कोणीही देत नाही. खरी गरज असते ती रोज विंचरण्याची, परंतु हे कार्य फोटोत येत नसल्यामुळे त्याचा हक्कदार सापडत नाही. ज्या चिरंजीवांनी अन्नत्याग करून नेमणूक मंजूर करविली, ते जुलैत इंजिनिअरिंगसाठी नागपुरास जातात. त्यानंतर श्रावणात, काळ्या मातीत लोळून आलेल्या हुजुरांस मांडीवर आडवे घालून, पोटाखालच्या केसांतले कुसळ व पंजांच्या बेचक्यांतले सराटे एकेक करून काढणे, कानामागे फुगून बसलेला गोचीड चिमट्याने मुळाशी धरून उपटणे (तो राहिला तर त्याच्यावाटे जीवघेणा ताप येतो), आणि हे चालू असता चावा न लागेल अशा बेताने तोंड धरून ठेवणे, ही सर्व कामे त्या आजीकडे येतात, जिने पहिल्या दिवशी “घरात कुत्रं आलं तर मी पंढरपूरला जाईन” असा निर्वाणीचा इशारा दिला होता. आजी पंढरपूरला गेली नाही. तिला आता सवडच मिळत नाही.

मुदपाकखान्याचा कारभार तर याहून गंभीर. सावजी रश्श्यातली हाडे हुजुरांपुढे ठेवली जातात. त्या रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतो आणि मनुकांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे सांगावयास गेलो तर “आमचा सगळं पचवतो” असे अभिमानाने ऐकविले जाते. पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर हुजुरांनाही जायफळ घातलेली पुरणपोळी मिळते. बैलाने नांगर ओढलेला असतो.

आणि पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे पांढुर्ण्यास गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून, त्यावर झेंडा लावून, एका काठावरून पांढुर्णेकर व दुसऱ्यावरून सावरगावकर परस्परांवर धोंड्यांचा जो वर्षाव करतात, त्याचे ज्ञान येथल्या गावठी कुत्र्याच्या रक्तातच मुरलेले आहे: माणूस जमिनीकडे वाकला की क्षणाचाही विलंब न लावता दुसऱ्या गल्लीत अंतर्धान पावावे. हुजुरांस हे शिक्षण नाही. माणूस वाकला म्हणजे तो आपल्यासाठी चेंडू उचलीत आहे, अशी त्यांची दृढ श्रद्धा असते. प्रशासनानेही दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले होते, म्हणजे हुजुरांची भूमिका सरकारदरबारी एकदा तत्त्वतः मान्य झाली होती. प्रजेनेच ती फेटाळून धोंडे पसंत केले. तेव्हा त्या दिवशी हुजुरांस आतल्या खोलीत, दिवाणाखाली, दारे-खिडक्या लावून ठेवावे. बाहेर काढणे अगदीच अपरिहार्य झाले तर दोरी गळपट्ट्यास न बांधता छातीच्या पट्ट्यास बांधावी, कारण या लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते आणि एका हिसक्यासरशी खोकल्याची कायमची ढास लागू शकते.

या हुद्द्याची मुदत बारा ते पंधरा वर्षांची असते, ही बाब नेमणुकीच्या वेळी कोणाच्याच ध्यानात आलेली नसते. तेवढ्या काळात कलेक्टर कितीतरी बदलून जातील, दोन-तीन विधानसभा उलटतील, चिरंजीवांचे लग्न होईल आणि येणाऱ्या सुनेस केसांची अॅलर्जी निघेल. यावर बागाइतदारांनी शोधलेला उपाय म्हणजे बदली. एके सकाळी हुजुरांस गाडीत घालून संत्र्याच्या बागेत नेतात, “मोकळी हवा आहे, मजेत राहील” असा हुकूम सालदारास सुनावतात आणि घरी येऊन सोफा झाडतात. रेबीजची वार्षिक लस, विंचरणी, गोचिडांचे औषध यांपैकी काहीही हुजुरांसोबत रवाना होत नाही. ओलितासाठी फोडलेल्या पाटात हुजूर प्रथम डुंबतात, मग लोळतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा मूळ रंग कोणता होता हे खरेदीच्या पावतीवरून ताडावे लागते.

अशाच एका बागेत गेल्या पाडव्यास सालाची बोलणी चालली होती. धान्य ठरले, रोकड ठरली, कपड्यांचा जोड ठरला. मालक उठू लागले, तसा सालदार जागचा न हलता म्हणाला, “मालक, बैलजोडीचं, ओलिताचं अन् रातच्या जागलीचं झालं ह्या सालात. पण ह्या साहेबाले विंचरून द्या लागते रोज, अन् उन्हाच्या आधी मोटारघरात नेऊन ठेवा लागते. त्याचं साल येगळं बोला.”

मालक पुन्हा खाली बसले.