रसायनी, आपटा, जिते

दिवा-रोहा गाडी पनवेल सोडते आणि सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे अशी एकेक स्टेशन घेत रोह्याला टेकते. रसायनशास्त्रात पीएचडी करून विद्यापीठाबाहेर पडू पाहणाऱ्यानं करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरावर पैसे घालवू नयेत, या गाडीत खिडकी धरावी. नागोठण्याला पेट्रोकेमिकल्स, रोह्याला धाटावची एमआयडीसी, पेणहून वडखळकडे गेलं की डोलवीचा पोलाद कारखाना. सरकारी कंपनी म्हणजे जन्माची ददात मिटली, असं ज्याला वाटत असेल त्यानं रसायनीला थोडं वाकून बघावं. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचं तिथलं बहुतेक उत्पादन बंद पडलंय. अख्ख्या मार्गावर सरकारी विद्यापीठ मात्र एकही नाही. लोणेऱ्याला आहे, पण तिकडे जायचं तर रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेच्या हद्दीत शिरावं लागतं.

समजा, जित्याचा एक मुलगा या गाडीत बसलाय. व्हायवा होऊन वर्ष उलटलंय. जेआरएफ शिष्यवृत्ती होती तेव्हा कागदोपत्री महिना 37,000 रुपये मिळत, म्हणजे बरेच महिने काहीच नाही आणि मग एकदम. ती संपल्यावर एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. हे तत्त्व फार कडक असतं. तास झाला तर पैसे, दिवाळीची सुट्टी लागली की तत्त्व शिल्लक आणि पैसे बंद.

त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाचा विनोद वेगळाच. 2018 च्या नियमावलीनं विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकासाठी 2021 पासून पीएचडी सक्तीची केली. करोना आला, मुदत 2023 वर गेली. तेवढ्यात कितीतरी मुलं पीएचडीला लागली, आणि आयोगानं जाहीर केलं की 1 जुलै 2023 पासून नेट-सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक. आपल्या मुलाचा तेव्हा चौथा चॅप्टर चालू होता.

गावात त्याला ‘विद्यापीठ का सोडलंस?’ असं कोणी विचारत नाही. खारेपाटात धंदा बदलण्याचं कोणाला अप्रूपच नाही. उधाणाचं पाणी बांध फोडून आत शिरलं आणि भाताची जमीन खारावली, की धाकटा कंपनीत लागतो आणि थोरला गणपतीचा कारखाना काढतो. शेजारचा हमरापूर-जोहे-तांबडशेत पट्टा वर्षभर मूर्ती घडवत असतो. आपल्या मुलाच्या बापानं शेती सोडली तेव्हा लिंक्डइनवर ‘एका नव्या प्रवासाची सुरुवात’ अशी पोस्ट टाकली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून साच्याला हात घातला होता.

या मार्गाच्या शेवटच्या स्टेशनानं तर शास्त्र सोडण्यातला विक्रमवीरच दिलाय. चिंतामणराव देशमुख जन्मले महाडजवळच्या नाते गावी, 14 जानेवारी 1896 रोजी, बालपण रोह्याचं. 1912 साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती खिशात. एवढ्या संस्कृतवर केंब्रिजला जाऊन घेतलं काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. 1917 मध्ये वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं. आता हा मुलगा शेवाळं किंवा नेचे यांतलं काहीतरी धरून जन्मभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालणार, असं केंब्रिजला वाटलं असेल तर त्यात केंब्रिजची चूक नाही. त्यांनी 1918 मध्ये लंडनला आयसीएसची परीक्षा दिली आणि तिथंही पहिला नंबर काढला.

मग मात्र ही नोकरी धरावी की देशकार्यात पडावं असा पेच पडला. सांगतात, की त्यांनी तेव्हा लंडनमध्ये असलेल्या लोकमान्य टिळकांचा सल्ला घेतला, आणि टिळकांनी नोकरी कर, तो अनुभव पुढे स्वराज्याला लागेल, असं सांगितलं. करिअर काउन्सेलर असा मिळाला तर कोणीही फी देईल.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, पण ओळीनं वाचताना दम लागतो. मध्यप्रांत-वऱ्हाडात प्रशासन, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1944 ला ब्रेटन वुड्स परिषद, 1950 पासून अर्थमंत्री, 1952 ला याच, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर, 1956 ला मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. पानांच्या आकृत्या काढणारा हात नोटांवर सह्या करू लागला, आणि मधल्या वेळात मेघदूताचा मराठी पद्यानुवादही करून मोकळा झाला. आज हा बायोडाटा पाठवला तर एखादी एचआर म्हणेल, ‘यांचा फोकस दिसत नाही.’

विद्यापीठानं त्यांचा पिच्छा मात्र सोडला नाही. अर्थमंत्रिपद गेलं त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि 1962 ते 67 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. प्रयोगशाळेच्या दारातून बाहेर पडलेला माणूस अडतीस वर्षांनी सगळ्या प्रयोगशाळांना पैसे वाटायला बसला. या आयोगाचं नाव वर आलंच आहे.

अर्थात, सगळ्यांनीच इतकं लांब जायला पाहिजे असं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे विद्यापीठात शिकवून बाहेर पडले, फलटणला करडईवर काम केलं आणि 1996 मध्ये पुण्यात ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था काढली. बायोगॅसला शेणच लागतं हा पिढीजात समज त्यांनी मोडला आणि उरलेला भात, खरकटं, सडकी फळं खाऊन गॅस देणारं घरगुती संयंत्र उभं केलं. 2006 साली संस्थेला त्यासाठी लंडनचं अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळालं. शिळ्या भातावर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळू शकतं, हे घरातल्या बायकांना कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आपला मुलगा तर घरच्या अंगणातच रसायनशास्त्रात उभा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे पाणी अर्धवट काढलेलं जिप्सम. पाणी परत मिळालं की तापतं आणि घट्ट होतं. किती वेळात, हे तो समीकरणानं सांगेल, कारागीर बोट लावून सांगतो, आणि कारागीर आधी सांगतो. या प्लास्टरची मूर्ती विसर्जनानंतर विरघळावी म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटची युक्ती काढली. त्या द्रावणात प्लास्टरचा खडू होतो आणि अमोनियम सल्फेट हे खत सुटतं. पुणे महापालिकेनं ती पावडर लोकांना वाटली. मुलानं हे बापाला मोठ्या उत्साहानं समजावलं. बापानं ऐकून घेतलं आणि विचारलं, आम्ही सहा महिने राबून उभं करायचं ते विरघळवायला पाच वर्षं शिकलास होय?

शेवटी रोह्याकडच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी सात शोधनिबंधांची यादी चाळली.

“एक्स्पीरियन्स?”

“पाच वर्षं संशोधन.”

“म्हणजे फ्रेशर.”

मग त्यानं शोधप्रबंध बाजूला ठेवला आणि पाच वर्षं खरोखर काय केलं ते सांगितलं. एका पंपासाठी तीन कोटेशनं मागवली, टेंडर तीनदा परत आलं, लेखा विभागात फाइल हरवली आणि ती त्यानंच शोधून काढली, मार्चअखेरीस ग्रँट परत जाऊ दिली नाही. मॅडम पहिल्यांदाच लिहून घेऊ लागल्या. यात शोध फक्त फाइलीचा लागला होता, पण त्यांना तेवढा पुरला.

“एक ऑगस्टला जॉइन व्हा.”

“गणपतीनंतर चालेल का? घरचा कारखाना आहे. डोळ्यांच्या आखणीला माणूस कमी आहे.”

मुंबईची कंपनी असती तर ऑफर तिथंच बारगळली असती. मॅडम पेणच्या निघाल्या. त्यांनी ऑगस्ट खोडून सप्टेंबर केला, पेनाचं टोपण लावलं आणि दीड फुटाच्या शाडूच्या मूर्तीचा यंदाचा भाव विचारला.