आघातशास्त्री

व्याकरणशास्त्री, धर्मशास्त्री आणि ज्योतिषशास्त्री असे जे तीन वर्ग पुण्याच्या पेठांतून पूर्वापार सुखेनैव नांदत आले, त्यांत इंग्रजी अंमल संपल्यावर एका चौथ्याची भर पडली असून, इंग्रजी शब्दातील कोणत्या सिलेबलवर जोर द्यावा याचा निवाडा करण्याचा अखत्यार परमेश्वराने आपल्याकडेच सोपविला आहे, अशी या वर्गाची दृढ श्रद्धा असते. आघातशास्त्र्याची नेमणूक कोणी करीत नाही; तो बहुधा एखाद्या महाविद्यालयातून इंग्रजीचा अध्यापक म्हणून निवृत्त होतो आणि विद्यार्थी संपले त्याच दिवसापासून शेजारी, टपालवाला व जावई यांना त्या रिकाम्या बाकांवर बसवितो.

त्याला साहेबाची नक्कल करणारा समजणे हा मात्र अन्याय होईल, कारण त्याचे खरे कूळ साहेबाच्या फार आधीचे आहे. उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हाताच्या हालचालीने दाखवीत ज्या गावात वेद म्हटले गेले, त्या गावाला इंद्रशत्रूची कथा निराळी सांगावी लागत नाही. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. पण समासाच्या अंती पडावयाचा उदात्त पहिल्या पदावर पडला, ‘इंद्र ज्याला मारील असा’ हा उलटा अर्थ झाला आणि वृत्र प्राणास मुकला. पतंजलीने महाभाष्यात दिलेला हा दाखला (त्या महाभाष्याची नामांकित आवृत्ती सिद्ध करणारे कीलहॉर्न हे डेक्कन कॉलेजातच संस्कृत शिकवीत, हे शास्त्री तुम्हांस सांगितल्यावाचून सोडीत नाहीत) त्यांच्या सर्व फिर्यादींचा मूळ कागद आहे. जेथे वृत्रासुराची गय झाली नाही, तेथे ‘डेव्हलपमेंट’च्या पहिल्याच अक्षरावर घाव घालणाऱ्या नगरसेवकाचा काय पाड!

प्रमाणग्रंथ एकच: डॅनियल जोन्स यांचा, 1917 साली प्रथम निघालेला उच्चारकोश. त्याची अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत सापडलेली एक उत्तरकालीन प्रत, खाकी कागदाचे वेष्टन घालून, शास्त्र्यांच्या घरी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर असते. जोर द्यावयाच्या सिलेबलच्या आधी वरच्या अंगाला जी बारीक उभी रेघ छापलेली आहे, ती दाखविताना शास्त्री करंगळीचे नख वापरतात. बोटाने झाकली जाईल अशी भीती त्यांस वाटते. शंकानिरसन चालले असता आघाताच्या जागी तर्जनीचा ठोका टेबलावर पडतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या सिलेबलवर, ‘फटॉग्रफी’त दुसऱ्यावर आणि ‘फोटग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर पडला, की स्वयंपाकघरातून “अहो, बशी खाली ठेवा आणि मग काय ते ठोका,” असा आवाज येतो.

वाईट एवढेच, की त्यांचे म्हणणे बरोबर असते. इंग्रज ज्या सिलेबलवर जोर देतो तिचे कोडकौतुक करतो आणि उरलेल्या बहुतेकींना अर्ध्या पगारी रजेवर पाठवितो, म्हणजे त्यांच्या स्वरांचा एक अस्फुट ‘अ’ करून टाकतो. आपण मात्र प्रत्येक सिलेबलला पूर्ण वेतन व महागाईभत्ता देऊन ‘कं-फ-र्टे-ब-ल’ म्हणतो, हे निदान अचूक आहे. शार्दूलविक्रीडिताच्या 19 अक्षरांत एका गुरूचा लघु झाला तरी तात्काळ ओळखणाऱ्या मराठी कानाला आघाताचे सोयरसुतक नसावे, याचे कारणही उघड आहे: आपली वृत्ते लघुगुरूंवर चालतात, जोरावर नव्हे, आणि जोर इकडचा तिकडे गेल्याने मराठीत शब्दाचा अर्थ पालटत नाही. ‘शन’ने संपणाऱ्या शब्दात त्याच्या लगतच्या आधीच्या सिलेबलवर जोर द्यावा, हा नियम शास्त्र्यांनी मला जिन्यात उभे करून शिकविला आणि तो आजवर दगा देता झालेला नाही. परंतु हातात दळणाचा डबा असताना मिळालेले ज्ञान मनुष्य कृतज्ञतेने स्वीकारतोच असे नाही.

आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरचा प्रश्न निघाला, तेव्हा चिटणिसांनी “कमिटीने ठरविले आहे की” एवढेच उच्चारले होते. शास्त्री उठले. जोर ‘मि’वर, हे त्यांनी सांगितले, चिटणिसांनी पुन्हा ‘क’वर दिला, शास्त्र्यांनी ठोका देऊन तिसऱ्यांदा म्हणवून घेतले. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींनी टँकर केव्हा येणार असे विचारले आणि विषय तहकूब झाला. इतिवृत्तात “उच्चाराबाबत चर्चा झाली” अशी नोंद आहे. इतिवृत्ताच्या मसुद्यावर शास्त्र्यांची सही आहे, टँकरच्या पावतीवर नाही.

या अढळ राज्याला खरा शह दिला तो अमेरिकेहून सुटीत आलेल्या नातवाने. ‘लॅबोरेटरी’चा जोर त्याने पहिल्या सिलेबलवर दिला, आजोबांनी दुसऱ्यावर, कोश खाली निघाला आणि आजोबा जिंकले. “पण आजोबा, आमच्याकडे सगळे असंच म्हणतात,” असे पोर म्हणाले. यावर, वहिवाटीने हक्क शाबीत होतो हे तत्त्व जमिनीला लागू आहे, सिलेबलला नाही, असा निकाल देण्यात आला. पण त्या रात्री शास्त्री नीट जेवले नाहीत, असे कळते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षा थांबविली आणि ‘पोलीस ग्राउंड’ला जावयाचे म्हणून, पहिली सिलेबल रीतसर गिळून, “प्लीस ग्राउंड” असे शुद्ध उच्चारले.

“आजोबा, प्लीज कशाला म्हणताय? बसा की. ग्राउंड कुठलं ते सांगा.”

शास्त्र्यांनी तोच शब्द तितक्याच शुद्धतेने पुन्हा म्हटला. रिक्षावाल्याने पुन्हा आदराने बसावयास सांगितले. तेव्हा ‘पोलीस’ असे साध्या पुणेरी वळणाने म्हणणे त्यांच्या सहज हातचे होते. परंतु ते न करता त्यांनी छत्री उघडली आणि भर उन्हातून पायी वाट धरली. भाडे वाचल्याचा उल्लेख घरी आवर्जून झाला.