देव की साखर?

सांगलीत जुनी गोष्ट सालाने सुरू होत नाही, फुटांनी सुरू होते. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी मोजतात. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, आणि त्याच्यावर जे काही चढतं ते माणसाला जन्मभर सांगायला पुरतं. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ साली ५७ च्या. तेव्हापासून “धाकट्याची मुंज कधी झाली हो?” याला “त्रेपन्न फुटांच्या आदल्या उन्हाळ्यात” हे इथे सरळ उत्तर समजलं जातं. साताऱ्याकडचं माप निराळं. तिथे जन्म, लग्नं, वाटण्या सगळं भूकंपाच्या आधी नाहीतर नंतर. आजचा सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणूनच ओळखला जाई. त्यामुळे घर सांगलीच्या गावभागात आणि आजोळ साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत असलेल्या आमच्यासारख्यांना ही दोन्ही मापं वारशात मिळाली आहेत.

११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट मला लख्ख आठवते. माझा जन्म तेव्हा झालेला नव्हता, ही अडचण फार मोठी नाही. ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं, पाटण तालुक्यात गावंच्या गावं बसली, पावणेदोनशेच्या घरात माणसं गेली. हे सारं मी पुढे वाचलं. पण फळीवरची भांडी एकामागोमाग एक खाली उड्या मारताहेत, अंगणात घोंगड्या पांघरून सगळे कुडकुडताहेत, पेठेतली कुत्री एका सुरात रडताहेत, हे मी पाहिलेलं आहे; निदान इतक्यांदा ऐकलेलं आहे की आता पाहिल्यातच जमा. आणि त्या अंगणातून आजी कोणाचंही न ऐकता पुन्हा घरात गेली. कशासाठी गेली, यावर आमच्या घरात दोन तट होते. मामा म्हणायचा, देव्हाऱ्यातले देव आणायला. मावशी म्हणायची, “कसले देव? साखरेचा डबा. रेशनवर मिळायची तेव्हा साखर.” दर दिवाळीला हा खटला नव्याने उभा राही, साक्षी फिरत, जुने पुरावे बाद होत. खुद्द आजीला विचारलं तर ती वात वळता वळता म्हणायची, “देवाला नैवेद्याला साखर लागतेच की.” एवढं बोलून ती दोन्ही पक्षांना जिंकल्याचं समाधान देई.

२०१९ च्या पुराने आमच्याकडून काय नेलं, तर तसं फार काही नाही. फ्रीज, गाद्या, आणि खालच्या कपाटातले अल्बम. पाणी उतरल्यावर मावशी साताऱ्याहून भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आली. गाळ उपसून झाला आणि तिने गच्चीवर जुन्या साड्या अंथरून त्यांवर फोटो वाळत घातले. काही एकमेकांना असे चिकटले होते की सोडवताना एकाचं नाक दुसऱ्याच्या लग्नात गेलं. बऱ्याचशांतले चेहरे विरघळून गेले होते. एका फोटोत नुसता काठ उरला होता, मावशीने तो उचलला आणि म्हणाली, “ही मी.” कशावरून? “हा खोचलेला पदर दुसऱ्या कोणाचा असणार आहे?” मग त्या काठावरून पैठणचा प्रवास निघाला, पैठणवरून कोणाचा तरी रुसवा, रुसव्यावरून एक मोडलेली सोयरीक. चेहरे शाबूत होते तेव्हा वर्षानुवर्षं कोणी त्या अल्बमकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत आणि प्रत्येकाखाली तारीख, वेळ, ठिकाण छापलेलं आहे. सोय उत्तम; पण भांडायला जागाच नाही, आणि भांडण नसलेली आठवण आमच्या घरात तरी दोन पिढ्या टिकल्याचं उदाहरण नाही.

त्या वाळवणात एक फोटो पांढराफटक होता. मामाने ओळखला. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात आम्ही पोरं गोमुखाखाली ओंजळी धरून उभी होतो, तो. मी म्हटलं, हे पांढरं म्हणजे तिथलं धुकं असेल. “धुकं कसलं,” मावशी म्हणाली, “गाळ आहे.” पण ती कृष्णा तिथूनच निघते, वाई ओलांडते, कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि आमच्या दारावरून पुढे जाते. म्हणजे ओंजळीतून सांडलेलं पाणी चाळीसेक वर्षांनी पत्ता शोधत गावभागात आलं आणि आपला फोटो तेवढा परत घेऊन गेलं. पुराचा राग धरावा असं पुष्कळ काही होतं, पण या एका चोरीबद्दल मला नदीवर रागावता आलं नाही. तो पांढरा कागद मी टाकलेला नाही. पाहुण्यांना दाखवतो, तेही भिडेखातर “वा, छान आलाय” म्हणतात.

मावशी आता नाही. मामाला विरोध करणारं कोणी उरलं नाही, म्हणजे देवांचा पक्ष बिनविरोध निवडून यायला हरकत नव्हती. गेल्या दिवाळीत फराळाला बसलेल्या नातवंडांना मामा भूकंप सांगू लागला. भांडी पडली, कुत्री रडली, अंगण आलं, आणि तो म्हणाला, “तेवढ्यात आई आत पळाली, साखरेचा डबा आणायला.”

“मामा, तू तर देव म्हणायचास!”

“म्हणायचो,” चकलीचा तुकडा मोडत तो म्हणाला. “पण मग तिची बाजू आता कोण मांडणार?” आणि गोष्ट पुढे नेत त्याने तो डबा चांगला पितळेचा, कडी-कोयंड्याचा करून टाकला. मावशी नेहमी डालड्याचा म्हणायची.