कागदावरच्या कोडला किती रंग?

मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. पुठ्ठा काळा आणि त्यावर सोनेरी अक्षरं. हल्ली आतली पानंही नावाला जागतात. रंग टिकावेत म्हणून एडिटरची गडद खिडकी स्क्रीनशॉट मारून तशीच चिकटवलेली असते. झेरॉक्सवाल्याचा टोनर संपतो आणि काळ्यात करडा कोड वाचायला पान उजेडात तिरकं धरावं लागतं. परीक्षक ते धरत नाहीत, हा भाग वेगळा. ज्यांनी कोड वर्डमध्ये उतरवलाय, त्यांची तऱ्हा निराळी. सरळ अवतरणचिन्हांना वर्ड प्रेमाने बाक देतो आणि मग तो कोड कॉपी करणाऱ्याला कंपायलर शिव्या घालतो.

रंगांवाचून कोड छापताच येत नाही, ही समजूत तशी नवीच. अल्गोल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या १९६० सालच्या अहवालात ‘बिगिन’, ‘एंड’ असे शब्द ठळक छापले आणि काम भागलं. टाइपरायटरवर ठळक अक्षर नव्हतं, तिथे लोक त्याच शब्दांखाली रेघ ओढत. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथने तर प्रोग्रॅम माणसांनी वाचायचा असतो असं धरूनच १९८४ मध्ये आपली ‘वेब’ पद्धत मांडली. १९८६ मध्ये आपल्या अक्षरजुळणीच्या ‘टेक’चा अख्खा प्रोग्रॅम जाडजूड पुस्तक म्हणून छापला, तोही काळ्या शाईत. राखीव शब्द ठळक, चलांची नावं तिरकी, बस्स.

पुढे टेकवरच उभ्या असलेल्या लाटेकच्या वापरकर्त्यांना कोड छापणारं ‘लिस्टिंग्ज’ हे पॅकेज मिळालं. जुळारीकामासाठी घडवलेल्या टेकलाच तिथे कोड वाचायला बसवलं आहे. आश्चर्य हे की तो बऱ्यापैकी वाचतो. अडला असता तो एका टिंबाएवढ्या चिन्हावर. मॅटलॅबमध्ये एकेरी अवतरणचिन्ह स्ट्रिंग उघडतं आणि तेच मॅट्रिक्सचा ट्रान्सपोजही करतं. कोड रंगवणाऱ्या भोळ्या हायलायटरला ट्रान्सपोज दिसला की स्ट्रिंग उघडली असं वाटतं, आणि पुढचा सगळा हिशेब उलटा होऊन बसतो. त्यासाठी लिस्टिंग्जमध्ये खास नियम आहे: अक्षरानंतर किंवा बंद कंसानंतर हे चिन्ह आलं, तर स्ट्रिंग उघडायची नाही. एवढ्या बारक्या चिन्हाची एवढी बडदास्त! मराठी कॉमेंटची मात्र कोणी ठेवली नाही. एक बाइट म्हणजे एक अक्षर, या हिशेबाच्या जगात जोडाक्षरं पाहुण्यासारखी अवघडून बसतात, आणि टाइपरायटरी फाँटमध्ये ‘क्षत्रिय’ सारख्या रुंदीच्या खणांत मावायला साफ नकार देतो.

‘मिंटेड’ या दुसऱ्या पॅकेजने वेगळी वाट धरली. कोड ओळखायचं काम पायथनमधल्या ‘पिग्मेंट्स’कडे सोपवलं. रंग झकास आले, पण त्यासाठी दस्तऐवजाला आपल्या मशीनवर बाहेरचे प्रोग्रॅम चालवायची मुभा द्यावी लागे. दुसऱ्या कुणाचा प्रबंध पीडीएफ करायचा म्हणून त्याला घराची किल्ली देण्यातला प्रकार. २०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती अडचण बरीचशी सुटली.

कोड ओळखणं सुधारलं, आणखीही सुधारेल. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. हायलायटरला व्याकरण कळतं. लेखकाला काय दाखवायचंय, ते कळत नाही. समजा, लूप एकदा जास्त का फिरतो, हे पुस्तकात समजावायचंय. सगळी मेख ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा लहान किंवा समान’ या दोन चिन्हांत आहे. छापताना ‘फॉर’ जांभळा होतो, आकडे हिरवे होतात, आणि ते चिन्ह काळंच्या काळं, मुकाट उभं. ‘फॉर’ म्हणजे ‘फॉर’, हे वाचकाला रंग नसतानाही कळलं असतं. मिंटेडमध्ये ठरावीक ओळींमागे रंगाची पट्टी ओढता येते. मला तर ती एकच सोय साऱ्या रंगपेटीपेक्षा मोलाची वाटते, कारण ती ओळ लेखक स्वतः निवडतो.

आणि कॉमेंट! साऱ्या कोडमध्ये माणसाने माणसाला लिहिलेलं तेवढंच, आणि तेच बहुतेक शैलींत फिकट, तिरकं, जणू ते कुणी वाचू नये अशीच व्यवस्था. एडिटरात एक वेळ चालेल. तिथे लिहिणारा आपलीच कॉमेंट शंभरदा पाहून वैतागलेला असतो. कागदावर वाचक पहिल्यांदाच येतो. म्हणून मी माझ्या टिपणांत उलटं करतो: कॉमेंट गडद काळी, कोड थोडा करडा. एका मित्राने पान पाहून विचारलं, “अरे, यात प्रोग्रॅम कुठाय?” म्हटलं, आधी कॉमेंट वाच. लागलाच, तर प्रोग्रॅम तिच्या खालीच आहे.