तबकडीसाधक

मध्यमवर्गीय निवृत्तांच्या अनेक उपजातींपैकी 'तबकडीसाधक' ही संख्येने अल्प, परंतु सोल्डरिंगच्या धुरावरून दुरूनच ओळखू येणारी उपजात असून तिचा वावर पुण्याच्या जुन्या बाजारापासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत आढळतो. माळ्यावरचा, बोट घालून फिरवण्याचा काळा फोन आजच्या फायबर-जोडणीवर चालवून दाखवणे हे या साधकाचे जीवितकार्य होय, 'पण कशाला?' या घरच्यांच्या पृच्छेला त्याच्या दर्शनात स्थान नाही.

अडचण मुळात भाषेची आहे. तबकडी सोडल्यावर मागे फिरताना लाइनचा प्रवाह १ साठी एकदा, ९ साठी नऊ वेळा आणि ० साठी दहा वेळा, सेकंदाला सुमारे १० या गतीने तोडते; या तुटण्याला 'पल्स' म्हणतात. याउलट अनेक नव्या यंत्रांना केवळ 'टोन' कळतो, म्हणजे प्रत्येक आकड्यासाठी एकाच वेळी वाजणारे दोन सूर, जसे ५ साठी ७७० आणि १३३६ हर्ट्झ. साधक या दोघांमध्ये दुभाष्या बसवतो: 'मायक्रोकंट्रोलर' म्हणजे नखाएवढा संगणकच, जो खटके मोजतो, धातूच्या पट्ट्या थरथरल्याने उमटणारे खोटे खटके गाळतो आणि आकडा पुरा होताच त्याचे सूर काढतो. या गाळणीतच एक चातुर्मास जातो, आणि त्या काळात ४ फिरवला असता ६ लागत असल्याने साधकाचा अनोळखी लोकांशी परिचय बराच वाढतो.

सिद्धी प्राप्त झाल्यावर असे ध्यानात येते की फोन करण्याजोगा एकही क्रमांक पाठ उरलेला नाही. तो मोबाइलमध्ये पाहून, मोबाइल बाजूला ठेवून, सगळे आकडे फिरवावे लागतात. 'मराठीसाठी १ दाबा' ही आज्ञा साधक कृतार्थ मुद्रेने फिरवून पाळतो, मात्र पुढे 'हॅश' मागितला गेला की तबकडीवर ते छिद्रच नसल्याने संभाषण तेथेच खुंटते.

एसटीडीच्या बिलाच्या धास्तीने पूर्वी तबकडीच्या छिद्रात छोटे कुलूप अडकवीत. साधक तेही शोभेसाठी लावतो. वास्तविक रिसीव्हर ठेवण्याची खुंटी लयीत दाबूनही तोच प्रवाह तोडता येतो, ही विद्या त्या काळी घरोघरच्या पोरांना अवगत होती, आणि खटका तबकडीचा की खुंटीचा हे दुभाष्यालाही कळत नसल्याने, नातू कुलूपबंद फोनवरून आजोबांच्याच खिशातला मोबाइल वाजवतो.