पॅडची लांबी नको, मिलिलिटर सांगा

सॅनिटरी पॅडचं पाकीट हातात घ्या आणि त्यावर काय काय छापलंय ते वाचा. लांबी असते: २४० मिमी, २८० मिमी, ३२० मिमी. एक्सएल असतं, डबल एक्सएल असतं. पंख आहेत की नाहीत, सुगंध घातलाय की नाही, तेही असतं. ते पॅड किती रक्त धरतं, एवढंच नसतं. ज्या एका कामासाठी बाई पैसे मोजते, त्या कामाचा आकडा पाकिटावर नाही.

त्याऐवजी जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवतात. वर्षानुवर्षं तेच. २०२० साली रिओ पॅडच्या जाहिरातीत राधिका आपटे दिसली आणि लाल द्रव दिसला, तर लोक दचकले. पण प्रश्न नुसत्या रंगाचा नाही. पाणी पातळ असतं. पाळीचं रक्त दाट, चिकट असतं. त्यात पेशी, प्रथिनं, श्लेष्मा, गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे असतात, गाठी असतात. पाणी पटकन शोषलं गेलं म्हणून रक्तही तसंच शोषलं जाईल, असं अजिबात नाही.

का नाही, ते पॅड उलगडलं की कळतं. सगळ्यांत वर पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड किंवा बारीक भोकांचा प्लास्टिकचा पापुद्रा. ओल खाली सोडायची आणि स्वतः कोरडं राहायचं, हे त्याचं काम. त्याखाली एक पातळ थर, जो ओल एका जागी साचू न देता लांबीभर पसरवतो. मग गाभा: पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचा पिंजलेला लगदा आणि त्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे कण. तळाला पॉलिथिन, म्हणजे कपड्यावर काही उतरू नये. दिसायला हा गाभा कापूसच वाटतो. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगानंदम यांनाही आधी तसंच वाटलं होतं. त्यांनी कापूस भरून पॅड केलं आणि ते टिकलं नाही. कंपन्या लाकडाचा सेल्युलोज वापरतात हे उमगल्यावरच त्यांचं पॅड बनवायचं स्वस्त यंत्र उभं राहिलं.

खरी मेख त्या पॉलिअ‍ॅक्रिलेटच्या कणांत आहे. पातळ, ‘अल्ट्रा’ पॅड त्यांच्याच जोरावर पातळ झालं. शुद्ध पाण्यात हे कण आपल्या वजनाच्या शेकडोपट पाणी पितात. पाण्यात मीठ असलं की ही ताकद कितीतरी घटते, आणि रक्तात मीठ असतंच. शिवाय तांबड्या पेशी त्या कणांच्या आत शिरूच शकत नाहीत. पाणी तेवढं आत जातं, पेशी बाहेर धाग्यांत अडकून राहतात. वरचे कण फुगून एकमेकांना चिकटले की मागून येणाऱ्या रक्ताची वाट अडते आणि ते कडेकडेने सरकतं. पॅडची दोन्ही टोकं कोरडी असताना बाजूने डाग पडतो, त्याचं हे एक कारण. शाळेच्या बाकावरून उठताना मागे वळून पाहणाऱ्या मुलीला वाटतं, आपणच नीट बसलो नाही. चूक तिची नसते.

मग हे मोजायचं कशाने? आपल्या आयएस ५४०५ या मानकाच्या १९८० सालच्या आवृत्तीत पॅडने ३० मिलिलिटर द्रव शोषावा अशी अट होती. तो द्रव मेंढीचं किंवा बकरीचं रक्त असू शकत होता, तसंच नुसतं रंगीत पाणीही चालत होतं. ज्याला पाण्यावर निभावता येतं, तो रक्त कशाला आणेल? अमेरिकेतही कंपन्या बहुतेक वेळा पाणी किंवा मिठाचं पाणीच वापरत आल्या. २०२३ साली ओरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी पाळीसाठीची २१ उत्पादनं माणसाच्या रक्तावर तपासली, आणि वेष्टनावरचे दावे व प्रत्यक्षातली क्षमता यांत बरीच तफावत निघाली. पाळी माणसाला पहिल्यापासून आहे आणि रक्ताने केलेली ही मोजणी २०२३ची. याचा मला राग येतो.

राग डागापुरता नाही. अंगावरून खूप जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की पहिला प्रश्न येतो, ‘दिवसाला किती पॅड लागतात?’ एका पाळीत ८० मिलिलिटरहून जास्त रक्त गेलं तर ते अतिरक्तस्राव, असं वैद्यकशास्त्र सांगतं. पण ज्या पॅडचं मापच माहीत नाही, ते मोजून मिलिलिटर कसे काढायचे? एकीची चार पॅड दुसरीच्या दोन पॅडइतकी असू शकतात. त्यातून ‘एवढं चालायचंच’ म्हणून तिला घरी पाठवलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्के. त्याची कारणं अनेक आहेत, पण दर महिन्याला जाणारं रक्त हे त्यातलं ठळक कारण.

भारतीय मानक ब्यूरोने शोषणाची चाचणी रक्तावर किंवा रक्तासारख्या दाट द्रवावरच सक्तीची करावी, आणि येणारा आकडा मिलिलिटरमध्ये पाकिटावर ठळक छापायला लावावा. लांबी छापायला जागा आहे, तिथेच हाही मावेल. तोवर बायांनो, डॉक्टरांनी विचारलं तर नुसती संख्या सांगून थांबू नका. कोणतं पॅड, किती भरलेलं, गाठी केवढ्या, रात्री बदलायला उठावं लागलं का, सगळं सांगा. आणि पॅड तासातासाला भिजत असेल तर पुढच्या पाळीची वाट बघू नका. लगेच दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.