आलंच की!

बेळगावच्या प्रत्येक गल्लीत एक तरी ट्रेकगुरू असतो. एरवी बँकेत कारकून, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. पण शाळांना सुट्ट्या लागल्या की त्याच्या अंगात सह्याद्री संचारतो. शेजारीपाजारी टेम्पोत कोंबायचे आणि खानापूर, लोंढा, रामनगर करत भर मे महिन्यात जोयड्याच्या रानात नेऊन सोडायचे, हा त्याचा कुळाचार. आमिष एकच : "डोंगरावरनं तलाव दिसतोय बघ. खुळा होशील!"

गळ्यात शिट्टी, अंगात बारा खिशांचं जाकीट, हातात होकायंत्र. त्यावरून त्याला उत्तर दिशा लगेच कळते. आपण कुठे आहोत, एवढंच कळत नाही. "साहेब आपल्या वळखीचा" म्हणत तो वनखात्याच्या नाक्यावर छाती काढून जातो आणि दोन मिनिटांत परत येतो. व्याघ्र प्रकल्पात विनापरवाना सोडत नाहीत. "ती वाट तशी सोपीच होती," तो आपल्याला समजावतो, "मजा नाही तिच्यात."

मग मजेची वाट सुरू होते. उडणारा प्रत्येक पक्षी धनेश, उमटलेला प्रत्येक ठसा वाघाचा. ठशाजवळच शेणाचा पो दिसला, तर वाघ म्हशीच्या मागावर होता हे सिद्धच झालं. किती राहिलं विचारा, उत्तर ठरलेलं : "आलंच की!" डोक्यावर रातांब्यांची पाटी घेतलेली एक कुणबी आजी साध्या चपलांत आपल्याला मागे टाकून दिसेनाशी होते, तेव्हा तो घाम पुसत म्हणतो, "पाठ वाट हाय तिची."

शेवटी कडा येतो. खाली अफाट पाणी, उन्हाळ्यानं ओसरलेलं, काठाला तांबड्या मातीचा उघडा पट्टा. "लाखो वर्षांचं नैसर्गिक सरोवर!" गुरू शिट्टी फुंकतो. शेजारी गुरं राखणारे आजोबा शांतपणे सांगतात, खाली सुपा होतं. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं, तालुक्याचं गाव. गणेशगुडीला 101 मीटर उंच धरण झालं, गाव पाण्यात गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या, कितीतरी माणसं रामनगरला जाऊन वसली. आजोबांचं घरही सुप्यातच होतं.

गुरू गप्प. पण कितीसा वेळ! "तेच सांगणार होतो," असं म्हणून तो शिदोरी सोडतो आणि पहिली भाकरी आजोबांच्या हातावर ठेवतो. उतरताना दमलेल्या तिघांच्या पिशव्या त्याच्याच खांद्यावर असतात. म्हणून तर पुढच्या उन्हाळ्यात माणसं पुन्हा त्याच्या टेम्पोत बसतात.

तुम्हीही बसा. फक्त वनखात्याची परवानगी आधी काढा, वाटाड्या गावातलाच घ्या आणि माणशी दोन लिटर पाणी ठेवा. गुरू पुढे असेल तर चार.